पम्पूशच्या पोटात एक दाणा

"दोन हजार एकर गहू सांभाळतो मी! एक कुत्रा सांभाळता येणार नाही होय?"

ओरेस्ट बाबियुकने फोनवर हे म्हणताना छाती अशी ठोकली की खिशातल्या चष्म्याची काडीच मोडली. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या सपाट मुलखात गव्हाच्या बाबतीत ओरेस्टच्या शब्दाला मोठं वजन होतं. घरात त्याचा शब्द कुणी तोलायच्या भानगडीत पडत नसे.

फोनच्या पलीकडे त्याची एकुलती एक मुलगी होती, लारिसा. ती दूर व्हँकुव्हरला एका उंच इमारतीत राहायची. लग्नबिग्न केलं नव्हतं, सगळा जीव पम्पूशवर. पम्पूश म्हणजे गादीएवढा, सोनेरी केसांचा कुत्रा. नाव आजीच्या हातच्या टम्म फुगलेल्या पावावरून ठेवलेलं. आणि गंमत बघा, नाव पावाचं, पण त्याला पावच वर्ज्य! पाव वर्ज्य, गहू वर्ज्य, जव, ओट, तांदूळ, धान्य म्हणून जे काही देवाने जन्माला घातलं ते सगळं वर्ज्य.

"तातो," लारिसा म्हणाली, "मागच्या खेपेस काय झालं ते आठवतंय ना?"

ओरेस्टला चांगलं आठवत होतं. मागे एकदा नाताळात त्याने टेबलाखालून पम्पूशला पावाचा तुकडा सरकवला होता. कुत्रा आठवडाभर अंग खाजवत बसला आणि लारिसा बॅग भरून निघून गेली. तेव्हापासून नाताळच्या जेवणाला तिची खुर्ची रिकामीच राहिली होती.

"कंपनीच्या कामाला मला महिनाभर बाहेरदेशी जायचंय, म्हणून नाइलाजाने त्याला तुझ्याकडे ठेवतेय," ती म्हणाली. "तो ठणठणीत राहिला तर मी पवित्र संध्येला, नाताळच्या आदल्या रात्री, तुमच्या ताटावर बसेन. पण एक दाणा जरी त्याच्या पोटात गेला ना, तर दारातूनच त्याला घेऊन माघारी फिरेन. मग मला बोलावू नकोस. कधीच नको."

"एक दाणा जाणार नाही!" ओरेस्ट गरजला.

फोन ठेवल्यावर त्याने खिडकीबाहेर बघितलं. अंगणात पत्र्याची मोठमोठी कोठारं उभी होती. सगळी गव्हाने काठोकाठ भरलेली. खळ्यात गहू सांडलेला, ट्रकच्या फटीत गहू, बुटांत गहू, त्याच्या स्वतःच्या कानाच्या पाळीमागेही शोधला असता तर दोनचार दाणे निघाले असते.

"स्टेफा," तो बायकोला म्हणाला, "मेलो गं मी!"

लारिसा कुत्र्याला सोडायला आली तेव्हा बरोबर खाद्याचं भलंमोठं पोतं होतं. पोत्यावर लांडग्याचं चित्र. आत हरणाचं मांस, वाटाणा आणि मसूर.

"कुत्रा हा मुळात लांडगा," तिने समजावलं. "लांडगा कधी गहू पेरतो का?"

"लांडगा कधी सोफ्यावर लोळतो का?" स्टेफाने विचारलं.

"मामो, थट्टा नको! धान्य म्हणजे त्याला विष आहे."

विष! ज्या धान्यावर ओरेस्टच्या आजाने, बापाने आणि त्याने स्वतः जन्म काढला, ज्यावर ही पोरगी शिकून मोठी झाली, ते विष! ओरेस्टच्या ओठांवर दहा उत्तरं आली. त्याने ती सगळी गिळली. रिकामी खुर्ची डोळ्यांपुढे असली की माणूस काय वाटेल ते गिळतो.

गावात मेबल वाँगचं चिनी जेवणाचं हॉटेल होतं. तिथे रोज सकाळी म्हातारे शेतकरी कॉफीला जमत. कोणाच्या गायीला किती वासरं इथपासून कोणाच्या पोटात किती खडे इथपर्यंत सगळ्याचा निवाडा त्या टेबलावर होई. टेबलाच्या एका टोकाला ओरेस्ट आणि दुसऱ्या टोकाला नेस्टर क्लिमचुक, त्याचा शेजारी. दोघांच्या शेतात एका कच्च्या रस्त्याचं अंतर, आणि मनात मसुरीचं. काही वर्षांपूर्वी नेस्टरने गहू सोडून मसूर पेरायला सुरुवात केली होती. त्याची मसूर बोटीत बसून पार हिंदुस्थानापर्यंत जायची आणि तो पैसा करायचा. ओरेस्टच्या मते हे म्हणजे धर्मांतरच होतं.

त्या सकाळी नेस्टर कॉफी ढवळत म्हणाला, "ओरेस, तुझ्या गाडीत मी एक पोतं बघितलं. लांडग्याचं चित्र होतं त्यावर."

ओरेस्टने घाईघाईने कप तोंडाला लावला.

"चष्मा लावून मागची बाजू वाचली," नेस्टर निवांत म्हणाला. "मंडळी, ऐका हो! गव्हाच्या राजाच्या घरी माझी मसूर शिजते!"

सगळं टेबल खो-खो हसलं.

"ती तुझीच कशावरून?" ओरेस्ट लालबुंद झाला.

"माझी नसेल तर माझ्या भावकीतली असेल! आमच्या रेक्सला पण मी आता तेच घालतो. काय रे, तुझ्या गव्हाला कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही म्हण की!"

"माझी मुलगी येणार आहे पवित्र संध्येला," ओरेस्ट एवढंच म्हणाला.

टेबलावरचं हसू थांबलं. ती खुर्ची किती दिवस रिकामी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेस्टरसुद्धा मिनिटभर कॉफीच ढवळत राहिला. मग त्याला राहवलं नाही. "मग मसूर नीट घाल हो त्याला. लाजू नकोस."

ओरेस्ट घरी आला तो लढाईला निघाल्यासारखा. त्याने झाडू घेऊन अंगण झाडलं. अंगण म्हणजे किती, तर विमान उतरेल एवढं! बर्फाखाली गोठलेले दाणे त्याने पहारीने उकरून काढले. घरात यायचं तर बूट बाहेर काढायचे, विजार झटकायची, खिसे उलटे करायचे. स्टेफाला पाव भाजायची बंदी. ती एकदा पिठाचा हात पुसायला विसरली आणि पम्पूशच्या डोक्यावरून हात फिरवला, तर ओरेस्टने कुत्र्याला न्हाणीघरात नेऊन दोनदा साबण लावला.

"मी बायको आहे का चोर?" स्टेफा कडाडली.

"दाण्यापुरती चोरच!"

शेवटी त्याने मळणीच्या बैलाला बांधतात तसं जाळीचं मुसकं आणून पम्पूशच्या तोंडाला बांधलं. जेवायच्या वेळी सोडायचं, जेवण झालं की बांधायचं. लांडग्याच्या खाद्याचा एक कणही त्याने इकडेतिकडे होऊ दिला नाही.

आणि एवढं सगळं करूनही पम्पूश दिवसेंदिवस मलूल होत चालला!

आधी तो ओसरीच्या पायऱ्या चढून आला की धापा टाकायला लागला. मग मध्येच कोरडा खोकला. मग पायऱ्यांपाशीच बसून राहायला लागला आणि मान वर करून ओरेस्टकडे बघायचा, "आता तूच उचल बाबा" असं. ओरेस्ट त्याला उचलायचा. मग दोघेही धापा टाकायचे.

"लारिसाकडे असताना असा नव्हता," स्टेफा म्हणाली.

"तिच्याकडे लिफ्ट आहे. तिथे कुणाला पायरी चढावी लागते? पण ते जाऊ दे. ह्याने कुठून तरी दाणा खाल्लाय! माझ्या नजरेआड एक दाणा गेलाय ह्याच्या पोटात!"

"अरे, गुरांच्या डॉक्टर थोराला दाखव!"

"दाखवतो. आणि ती लारिसाला फोन करेल, आणि लारिसा येणार नाही!"

तो रोज ठरवायचा, उद्या दाखवू. आणि रोज उद्याच उजाडायचा. त्याऐवजी त्याने मुसक्याची जाळी अजून बारीक केली. मांजरीच्या तोंडाचा वास घेऊन बघितला, तीच तर उंदराबरोबर दाणे आणून देत नाही ना! झोपेत कुत्र्याच्या छातीवर कान लावून बसायचा. आत काहीतरी धडधडायचं, मध्येच थांबायचं, परत धडधडायचं. ते कुत्र्याचं काळीज की आपलं, हेच त्याला कळेना.

असं करता करता पवित्र संध्या आली.

त्या दिवसाचं असं आहे की, वर्षभर गहू शेतात असतो, त्या संध्याकाळी तो घरात येतो. जुन्या पंचांगाचा, जानेवारीत येणारा युक्रेनी नाताळ तो. जमिनीवर पेंढा पसरायचा, चादरीखाली वाळलेलं गवत, टेबलाच्या मधोमध गोल वेणीचा पाव, आणि कोपऱ्यात गव्हाची सजवलेली पेंढी. त्या पेंढीत घरातल्या मेलेल्या माणसांचे जीव जेवायला येतात म्हणतात. बारा पदार्थ असतात, पण मानाचा पहिला एकच: कुट्या. मऊ शिजवलेला आख्खा गहू, मध, आणि वाटलेली खसखस.

"यंदा पेंढी नको," ओरेस्ट म्हणाला.

स्टेफाने हातातला डाव खाली ठेवला. "काय म्हणालास? तुझा आजा कुठे बसेल मग? ओसरीवर? उणे तीस अंशांत?"

"पण कुत्रा…"

"ओरेस्ट! मी पाव भाजायचं सोडलं, दारात उभं राहून खिसे झटकले, मांजरीला चोर म्हणू दिलं. पण आज तुझ्या आजाला मी घराबाहेर ठेवणार नाही!"

शेवटी ओरेस्टने तोडगा काढला. छताच्या दिव्याच्या हुकाला दोरी बांधली आणि पेंढी टेबलावर अधांतरी लटकवली. कुत्र्याचं तोंड पोचणार नाही आणि आजाही घरातच!

"फाशी दिल्यासारखं दिसतंय," स्टेफा म्हणाली आणि तिने छातीवर क्रूस काढला.

दिवस मावळायच्या आत लारिसाची भाड्याची गाडी अंगणात आली. ओरेस्टने सकाळपासून म्हणायची वाक्यं पाठ केली होती. पण दार उघडताच लारिसाने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती गुडघ्यांवर बसली.

"पम्पूश? ए राजा? उठत का नाही हा? आणि हे काय बांधलंय तोंडाला? कुठल्या कसायाने बांधलं हे?"

तिने मुसकं काढून कोपऱ्यात भिरकावलं. पम्पूशने शेपूट एकदा आपटली, दुसऱ्यांदा आपटायला त्याच्यात त्राण नव्हतं.

"तातो, खरं सांग. काय खायला घातलंस?"

"आईशप्पथ, तुझ्या पोत्यातलंच!"

"मामो?"

"तुझ्या पोत्यातलंच गं पोरी," स्टेफा म्हणाली. "ह्याने मलासुद्धा उपाशी ठेवलंय पावाविना."

लारिसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण विश्वास काही आला नाही. ती खुर्चीवर बसली; पण अंगातला कोट काढला नाही. ओरेस्ट त्या कोटाच्या गुंड्यांकडेच बघत राहिला. गुंड्या सुटल्या तर मुलगी राहिली. गुंड्या लागलेल्या म्हणजे एक पाय दारात.

"जेवून घे," स्टेफा म्हणाली, "मग तिघं मिळून डॉक्टर थोराकडे नेऊ. ती आज नेस्टरच्या गोठ्यात आहे, त्याची गाय अडलीय."

खिडकीत पहिली चांदणी दिसली. प्रार्थना झाली. आणि आता तो क्षण आला, ज्याला ओरेस्ट महिनाभर भीत होता.

घरच्या कर्त्याने चमचाभर कुट्या छताला मारायची असते. जेवढे दाणे छताला चिकटतील तेवढं पुढलं पीक चांगलं.

"यंदा नको मारायला," ओरेस्ट पुटपुटला.

"वर्ष बुडवायचंय का?" स्टेफा म्हणाली.

लारिसा कोटाच्या गुंडीशी चाळा करत राहिली. पण लहानपणी हा चमचा उडाला की तीच टाळ्या वाजवायची, आणि आता तिची मान नकळत वर झालेली ओरेस्टला दिसली. बस्स! म्हाताऱ्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्याने कुत्र्याकडे बघितलं. तो कोपऱ्यात निपचित पडलेला. त्याने चमचा भरला. हात मागे नेला. आणि महिन्याभराची सगळी काळजी त्या एका चमच्यात घालून हात वर झटकला!

चमच्यातली कुट्या तर गेलीच, पण चमचाही हातातून सुटला. तो सरळ जाऊन लटकलेल्या आजोबांना लागला. दोरीची गाठ सैल होती. ओरेस्टला गव्हाचं सगळं यायचं, गाठी मारायला स्टेफाच लागायची! पेंढी खाली आली ती थेट कुट्याच्या वाडग्यावर. वाडगा उलटा झाला, टेबलावरून घरंगळला आणि पेंढ्यावर पालथा पडला. शिजवलेला गहू, मध आणि खसखस जमिनीवर सांडली आणि वर पूर्वजांच्या लोंब्यांतून टपाटप दाणे गळायला लागले.

आणि पंधरा दिवस पायरी न चढलेला पम्पूश उठला!

उठला म्हणजे काय, उडाला! कोणी "अरे" म्हणायच्या आत त्याने तोंड घातलं. चपचप चपचप! लारिसाने मागून त्याची कंबर धरली, ओरेस्टने शेपूट, स्टेफाने नुसताच आक्रोश धरला. पण चौदा जणांचं जेवण एकट्याने फस्त करावं तशी त्याने ती कुट्या फस्त केली, पेंढा चाटला, जमीन चाटली, ओरेस्टचा मोजाही चाटला. मग मान वर करून तिघांकडे तृप्त नजरेने बघितलं.

आणि धप्पकन आडवा झाला.

"मेला!" स्टेफा किंचाळली.

"तातो!" लारिसा एवढंच म्हणाली. पण ती हाक ओरेस्टला पुढे कितीतरी दिवस कानात ऐकू येत होती.

त्याने कुत्र्याला उचललं. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यांत वात, पण कोकरासारखं उचललं! बाहेर ट्रकमध्ये टाकलं. तिघं पुढे बसले आणि ओरेस्टने गाडी अशी सोडली की बर्फाचा धुरळा उडाला. आता त्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडी वायरीने घराच्या प्लगला जोडून ठेवावी लागते, आणि निघताना ती वायर काढायची असते. हे त्या मुलखात पोर रांगायला लागलं की शिकतं. ओरेस्ट आज विसरला. त्या वायरीला स्टेफाने ओसरीवरच्या नाताळच्या दिव्यांची माळ गुंफलेली होती. ताडकन आवाज झाला. माळ सुटली, माळेबरोबर लाकडी चांदणी सुटली, चांदणीबरोबर कठड्याची फळी सुटली आणि सगळी वरात गाडीमागे खडखडत नेस्टरच्या गोठ्याकडे निघाली.

"तातो, मागे काहीतरी आवाज येतोय!"

"माझं काळीज आहे ते! तू त्याला धर!"

नेस्टरच्या गोठ्यात उजेड होता. वासरू नुकतंच बाहेर आलेलं, गाय त्याला चाटत होती. डॉक्टर थोरा कोपरापर्यंत हात धूत होती. नेस्टर दारात येऊन थबकला. त्याने गाडी बघितली, मग मागची माळ, चांदणी आणि फळी बघितली.

"ओरेस, मिरवणूक कसली काढलीस रे?"

मग त्याला ओरेस्टच्या हातातला कुत्रा दिसला. त्याने आपला कोट काढून गवतावर अंथरला. "इथे ठेव. इथे ऊब आहे."

"डॉक्टरीणबाई," ओरेस्ट म्हणाला, "मी… गहू… वाडगाभर… माझ्या हातून…"

थोराने खाली बसून पम्पूशचे डोळे उघडून बघितले, हिरड्या दाबल्या. पम्पूशने एक डोळा उघडला आणि तिचा हात चाटला.

"जिवंत आहे! काय होतं गव्हात? बेदाणे?"

"बेदाणे नाही घालत आमच्यात," स्टेफा म्हणाली. "गहू, मध, खसखस."

"देव पावला. बेदाणे मात्र कुत्र्याला विष असतात. खसखशीने हा आज जरा झिंगेल, त्याच्यावर नजर ठेवू. गव्हाने काही होत नाही."

"काही नाही होत?" तिघं एका सुरात म्हणाली.

पण थोराने नळी कानाला लावली आणि तिचा चेहरा बदलला. तिने बराच वेळ ऐकलं. गोठ्यात फक्त गाईच्या चाटण्याचा आवाज.

"हा गव्हाने नाही पडला," ती म्हणाली. "उठून धावला, ते काळजाला झेपलं नाही. काळीज कमजोर झालंय ह्याचं. ठोके चुकतायत. आजचं नाहीये हे. रोज काय खातो?"

लारिसाने सांगितलं. हरीण, वाटाणा, मसूर. धान्याचा कण नाही.

"मसूर!" नेस्टरच्या तोंडून अभिमानाने निसटलं.

"किती दिवस?"

"वर्षं झाली," लारिसा म्हणाली. "मला वाटलं, लांडगा…"

"हे बघ," थोरा शांतपणे म्हणाली, "अजून कुणी शंभर टक्के सिद्ध केलेलं नाही, त्यामुळे मी शपथेवर सांगणार नाही. पण धान्य काढून वाटाणा-मसुरीने भरलेलं खाद्य वर्षानुवर्षं खाणारे असे काही कुत्रे मी बघितलेत. खाणं बदललं, गोळ्या दिल्या, की त्यातले बरेच सावरले. कुत्रा लांडगा नाही गं राहिला. हजारो वर्षं माणसाच्या दाराशी बसून भाकरतुकडा खाल्लाय त्याने. शिजवलेलं धान्य त्याला पचतं, अंगी लागतं. एखाद्याला सोसत नाही, असतात तसे. ह्याला सोसत नाही हे कुणी तपासलं होतं?"

"तो खाजवत होता…"

"हिवाळ्यात मी पण खाजवते. आमच्या घरात सगळेच खाजवतात! हवाच कोरडी आहे." थोराने नळी गुंडाळली. "उद्या शहरात नेऊन छातीची तपासणी करू. गोळ्या आत्ता देते. आणि खाण्यात धान्य सुरू करा."

ओरेस्टने महिनाभर झाडलेलं अंगण आठवलं. पहारीने काढलेले दाणे आठवले. ते मुसकं आठवलं. म्हणजे आपण जितकी राखण केली तितका हा खंगत गेला! नेस्टरला टोमणा मारायची ही आयुष्यातली पहिली आणि शेवटची संधी होती. त्याने नेस्टरकडे बघितलं. नेस्टरचा चेहरा पडला होता. तो गोठ्याच्या कोपऱ्यात झोपलेल्या आपल्या रेक्सकडे बघत होता.

"डॉक्टरीणबाई," नेस्टर हळूच म्हणाला, "जाता जाता ह्याच्यापण छातीला नळी लावता का?"

ओरेस्टच्या जिभेवर टोमणा होता, पण गवतावर नेस्टरचा कोट होता.

लारिसा रडत होती. "मीच त्याला आजारी केलं, तातो. आणि खापर तुझ्यावर फोडलं."

"तू पोत्यावरचं वाचलंस," ओरेस्ट म्हणाला, "आणि मी तू सांगितलेलं ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं, आणि बघ काय झालं ते! पुन्हा कधी ऐकणार नाही."

ती रडता रडता हसली. घरी परतल्यावर तिने आधी पम्पूशला चुलीजवळ निजवलं. मग उभ्याउभ्या कोटाच्या गुंड्या सोडल्या. खुंटीला कोट लटकला तेव्हा ओरेस्टने उगाचच नाक शिंकरलं. बारा पदार्थांतले अकरा शिल्लक होते. छताला किती दाणे चिकटले ते बघायला तिघांनी माना वर केल्या. छत कोरडं ठाक. सगळं पीक पम्पूशच्या पोटात गेलं होतं!

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. ओरेस्टलाही तसंच वाटलं होतं. पम्पूश तपासला गेला, गोळ्या लागू पडल्या. लारिसाने तो पुरता बरा होईपर्यंत घरूनच काम करायचं ठरवलं आणि ती उन्हाळ्यापर्यंत राहिली. ओरेस्ट मेबलच्या हॉटेलात छाती काढून बसू लागला. "माझा गहू म्हणजे औषध आहे औषध! डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय!"

त्याने कोठारातला एक नंबरचा गहू निवडला, धुतला, मऊ शिजवला, त्यात मांस कालवलं आणि पम्पूशपुढे ठेवला. पम्पूशने मांस खाल्लं. मग एकेक दाणा जिभेने घोळवून, चाटूनपुसून लख्ख केला आणि ताटलीच्या कडेला मांडून ठेवला.

"मध नाही ना त्यात," स्टेफा म्हणाली.

जवाचं तेच झालं. ओटाचं तेच. मग एक दिवस लारिसाने मेबलकडचा उरलेला भात आणला, आणि पम्पूशने ताटलीसुद्धा उचलून नेली! तांदूळ! जो त्या सगळ्या मुलखात कुठे उगवत नाही, तो!

मग काय करतो बिचारा? सकाळी पुढच्या दाराने जाऊन गव्हाची कीर्ती सांगायची आणि दुपारी डबा घेऊन हॉटेलाच्या मागच्या दाराने जायचं. एका दुपारी तिथे त्याच्या आधीच कुणीतरी उभं होतं. कानटोपी डोळ्यांवर ओढलेली, बगलेत डबा.

"नेस्टर?"

नेस्टर दचकला. दोघांनी एकमेकांच्या डब्यांकडे बघितलं.

"रेक्स," नेस्टर पुटपुटला. "मसुरीला आता तोंडच लावत नाही."

"माझा गव्हाला."

"टेबलावर बोलणार नाहीस ना?"

"तू बोलणार आहेस?"

दोघांनी हातमोजे काढून हातावर हात मारला. तेवढ्यात मेबलने दार उघडलं. तिच्या हातात वाफाळता डाव, आणि मागे ओट्यावर डब्यांची रांग.

"या, या! आत थांबा, थंडी आहे. टेबलावरच्या बाकीच्यांच्या कुत्र्यांचे डबे भरतेय, तुमचे लगेच देते!"